विकत घेतलेल्या वस्तूवर अखेर मालकी कोणाची?

नितळ

काही वर्षांपूर्वी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या आमच्या टीव्हीच्या मुख्य पडद्यावर अलीकडे जाहिराती दिसू लागल्या आहेत. संच घेतला तेव्हा त्या नव्हत्या. मध्यंतरी त्याने रात्रीतून नवे सॉफ्टवेअर उतरवून घेतले, सकाळी सुरू करताच अटी-शर्तींचा लांबलचक मजकूर समोर आला आणि त्याखाली ‘मान्य आहे’ एवढे एकच बटण होते. ते दाबल्याशिवाय संच पुढे सरकत नव्हता. ग्राहक सेवा केंद्राकडे विचारणा केली असता, जाहिराती बंद करण्याची सोय दिलेली नाही, असे उत्तर मिळाले.

एका टीव्हीचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. एखादी वस्तू विकली की तिच्यावरचा विक्रेत्याचा अधिकार संपतो, या गृहीतकावर आपले सगळे खरेदी-विक्रीचे व्यवहार उभे आहेत. खुर्ची विकल्यानंतर सुतार पुन्हा घरात येऊन तिची उंची बदलत नाही. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र विक्री होऊन गेल्यावरही विक्रेत्याचा हात त्या वस्तूत कायम राहतो, आणि तो केव्हा, कशासाठी व कोणाच्या सोयीने हलवायचा हे ठरवताना ग्राहकाला कोणी विचारत नाही.

हा मुद्दा काढला की आपल्यावर प्रगतीविरोधी असल्याचा शिक्का बसतो, किंवा ‘नको असेल तर घेऊ नका’ असे सांगून विषय संपवला जातो. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. हे तंत्रज्ञानाच्या स्वभावातूनच अपरिहार्यपणे येते, की तंत्रज्ञानाच्या आडून घेतलेले हे व्यावसायिक निर्णय आहेत? आणि कंपन्यांविषयी शंका बाळगायची तर ती नेमकी कशाविषयी आणि कुठवर बाळगावी? सरसकट सगळ्यावर अविश्वास दाखवणे मलाही पटत नाही.

काठावरून

टीव्हीपुरते बोलायचे तर तो निःसंशय व्यावसायिक निर्णय आहे, आणि त्यामागचा हिशेब जाहीर कागदपत्रांत वाचायला मिळतो. व्हिझिओ ही अमेरिकी टीव्ही कंपनी 2021 मध्ये शेअर बाजारात उतरली, त्यामुळे तिला आपले आकडे प्रसिद्ध करावे लागले. त्याच वर्षी असे दिसले की जाहिराती आणि प्रेक्षकांची माहिती यांवर चालणाऱ्या विभागाचा ढोबळ नफा प्रत्यक्ष संच विकून होणाऱ्या ढोबळ नफ्याच्या पुढे गेला होता. विक्री हा ज्या व्यवसायात व्यवहाराचा शेवट नसून सुरुवात असते, त्या व्यवसायाला विकलेल्या वस्तूवरचा ताबा सोडणे परवडतच नाही. डिसेंबर 2024 मध्ये वॉलमार्टने ही कंपनी सुमारे 230 कोटी डॉलरना विकत घेतली, आणि आपला जाहिरात व्यवसाय वाढवणे हा या खरेदीचा एक हेतू असल्याचे तिने लपवलेही नाही.

याच कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित आणि स्पर्धा यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने आणि न्यू जर्सी राज्याने केलेली कारवाई आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. पडद्यावर काय चालले आहे याची क्षणाक्षणाची नोंद घेऊन ती कंपनीकडे पाठवणारे सॉफ्टवेअर 2014 पासून या संचांत होते, आणि आधीच विकल्या गेलेल्या जुन्या संचांतही ते दुरून बसवण्यात आले होते, असा आरोप होता. सुमारे 1 कोटी 10 लाख संचांचा हा मामला 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून मिटला. दर संचामागे ही रक्कम किती पडते याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. असा दंड कंपनीच्या दृष्टीने किरकोळ खर्च ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘नको असेल तर घेऊ नका’ हा सल्ला मला यासाठीच पोकळ वाटतो. नंतर मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून एखादी कंपनी आजची किंमत उतरवते, तेव्हा तसे न करणाऱ्या कंपनीचा संच महाग दिसतो. किंमत खरेदीच्या वेळी डोळ्यांसमोर असते, ताबा समोर नसतो. हळूहळू प्रामाणिक पर्याय बाजारातून नाहीसा होतो, आणि मग ग्राहकांनी स्वतःच हे निवडले, असे सांगितले जाते.

अर्धविराम

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. काठावरून यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत असलो तरी दुरून होणारे बदल मुळातच संशयास्पद आहेत, असा समज या धाग्यावरून पसरू नये असे मला कळकळीने वाटते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक ठप्प केले, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती न बसवलेले संगणक बळी पडले. त्याआधी 2016 मध्ये कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीही न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मिराई नावाच्या प्रोग्रॅमने लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. इंटरनेटला जोडलेली, पण निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेली वस्तू तिच्या मालकाइतकीच इतरांनाही धोकादायक असते.

मात्र सुरक्षेसाठीची दुरुस्ती आणि वस्तूच्या गुणधर्मांत केलेला बदल एकाच गाठोड्यात बांधून पाठवणे, ही तांत्रिक गरज नाही. दोन्ही वेगवेगळे देता येतात आणि अनेक ठिकाणी तसे दिलेही जातात. एकत्र दिल्यामुळे ग्राहकापुढे असा पेच उभा राहतो की सुरक्षित राहायचे असेल तर नको असलेला बदलही पदरात घ्यावा लागतो. 2010 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर दुसरी संगणक प्रणाली बसवण्याची, जाहिरात करून विकलेली सोय एका अपडेटद्वारे काढून घेतली. अपडेट नाकारणाऱ्याला सोनीच्या ऑनलाइन सेवेवर पाणी सोडावे लागत होते. कारण सुरक्षेचे दिले गेले, पण ज्यांनी त्या सोयीसाठीच यंत्र घेतले होते त्यांचे नुकसान खरेच होते, आणि पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात कंपनीला तडजोड करावी लागली.

तंत्रज्ञानाचा स्वभाव की व्यावसायिक निर्णय, या आपल्या प्रश्नातील ‘की’ मला नेहमीच खरा वाटत नाही, कारण बहुतेक प्रकरणांत दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. आयफोनच्या बॅटरीचे प्रकरण पाहा. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत विद्युतरोध वाढतो, अचानक जास्त वीज मागितली की तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) कोसळतो आणि फोन एकाएकी बंद पडतो. प्रोसेसरचा वेग मर्यादित ठेवून हे टाळता येते, आणि ॲपलने तेच केले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो समंजस उपाय होता. पण वापरणाऱ्याला ते स्पष्टपणे सांगितले नाही. परिणामी फोन मंदावला म्हणजे तो म्हातारा झाला, असे समजून लोकांनी नवे फोन घेतले असणार, जिथे केवळ बॅटरी बदलून काम भागले असते. डिसेंबर 2017 मध्ये कंपनीने कबुली दिली आणि बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. 2020 मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड केला. तो दंड वेग कमी करण्याबद्दल नव्हता, माहिती दडवण्याबद्दल होता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

नितळ

अर्धविराम, आपला प्रतिसाद वाचून माझा प्रश्न अधिक नेमका झाला, त्याबद्दल आभार. पण त्यातूनच नवी अडचण उभी राहते. तांत्रिक कारण खरे असू शकते हे मान्य केले, तर ते खरे आहे की सोयीस्कर सबब आहे, हे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने ओळखायचे कसे? कंपनीकडे प्रयोगशाळा आहे, आकडेवारी आहे, तज्ज्ञ आहेत. माझ्याकडे फक्त संशय आहे, आणि संशय हा काही पुरावा नव्हे.

जुनी पाने

हा पेच जुना आहे. उद्योगांच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला येथे फीबस या बल्ब उत्पादकांच्या संघाचे उदाहरण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण ते नेहमी अर्धवट सांगितले जाते आणि त्यामुळे त्यातला खरा धडा निसटतो.

1924 च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हा येथे जगातील प्रमुख बल्ब उत्पादक एकत्र आले. जर्मनीची ओसराम, नेदरलँड्सची फिलिप्स, फ्रान्समधील एक मोठी कंपनी आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्या त्यांत होत्या. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि घरगुती बल्बचे आयुष्य 1000 तासांवर आणण्याचे ठरवले. तोपर्यंत दीड ते दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत असत. सदस्य कंपन्यांना आपले नमुने स्वित्झर्लंडमधील एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवावे लागत, आणि बल्ब ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त टिकला तर कंपनीला दंड बसे. टिकाऊपणाबद्दल दंड आकारणारी ही व्यवस्था दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत चालली.

एवढी हकिकत सर्वत्र सांगितली जाते, आणि तिच्या जोडीला कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून जळत असलेल्या बल्बचे छायाचित्र लावले जाते. निष्कर्ष असा काढला जातो की शंभर वर्षे टिकणारा बल्ब शक्य होता, पण कंपन्यांनी तो आपल्याला मिळू दिला नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो बल्ब आता अवघ्या चारेक वॅटचा मिणमिणता प्रकाश देतो. त्याच्या उजेडात कोणी वाचू शकणार नाही. तार जितकी तापवावी तितका प्रकाश जास्त आणि विजेचा उपयोग चांगला, पण तारेचे आयुष्य कमी, हे भौतिकशास्त्राचे बंधन आहे आणि कोणत्याही कंपनीने ते निर्माण केलेले नाही. दीर्घायुषी बल्ब त्याच उजेडासाठी जास्त वीज खातो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने 1951 च्या अहवालात 1000 तास ही मर्यादा एक वाजवी तडजोड मानता येईल, अशाच आशयाचे मत नोंदवले होते.

मग फीबस संघ निर्दोष होता का? मुळीच नाही. वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या आयुष्याचे बल्ब बनवत असत्या, त्यावर तसे स्पष्ट लिहीत असत्या, तर कोणाला जास्त उजेड हवा आणि कोणाला जास्त टिकाऊपणा हवा हे लोकांनी वापरून ठरवले असते. जिन्यात लावायचा बल्ब आणि अभ्यासाच्या टेबलावरचा बल्ब एकाच गुणांचा असण्याचे कारण नव्हते. संघाने ही निवड बंद दाराआड एकदाच करून टाकली आणि दंडाच्या जोरावर दुसरा पर्याय बाजारात येऊच दिला नाही.

म्हणून नितळ, तांत्रिक कारण खरे की खोटे हे सिद्ध करण्याचे ओझे आपण स्वतःवर घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे. त्यापेक्षा हे पाहावे की ते कारण बाहेरच्या कोणाला तपासता येईल अशी वाट कंपनीने मोकळी ठेवली आहे का, आणि दुसरा पर्याय कोणी देऊ पाहत असेल तर त्याला अडवले जात आहे का. कारण खरे असेल तर तपासणीची भीती असण्याचे प्रयोजन नाही.

हातोटी

मी उपकरणे दुरुस्त करण्याच्या व्यवसायात आहे. जुनी पाने यांनी सांगितलेली कसोटी आमच्या कामात रोज लागू पडते, म्हणून लिहितो.

पूर्वी यंत्र उघडता येत होते आणि भाग बसत होता, एवढ्यावर दुरुस्ती होत असे. आता अनेक फोनमध्ये प्रत्येक भागाला स्वतःचा अनुक्रमांक असतो आणि तो मुख्य बोर्डाशी सॉफ्टवेअरने जोडलेला असतो. दोन तंतोतंत सारखे, कंपनीचेच, अस्सल फोन घेतले आणि एकाचा पडदा दुसऱ्याला बसवला, तरी फोन तो ओळखायला नकार देऊ शकतो, इशारा दाखवतो किंवा एखादी सोय बंद करतो. भाग बनावट नसतो, जोडणी चुकलेली नसते. फक्त कंपनीच्या सर्व्हरने त्या जोडीला मान्यता दिलेली नसते. यामागे सुरक्षेचे कारण सांगितले जाते. बोटाचा ठसा वाचणाऱ्या भागाबाबत ते मला पूर्ण पटते, कारण तेथे खोटा भाग बसवून फोन उघडता येण्याचा धोका आहे. बॅटरीबाबत ते मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने मार्च 2024 मध्ये अशा जोडणीवर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि ॲपलने विधिमंडळासमोर त्या तरतुदीला विरोध केला होता.

हे फोनपुरते मर्यादित नाही. ट्रॅक्टरमधील बिघाड दुरुस्त झाल्यावरही निर्मात्याचे सॉफ्टवेअर जोडून त्याची नोंद साफ केल्याशिवाय यंत्र पूर्ण शक्तीने चालत नाही, अशी तक्रार अमेरिकी शेतकरी गेली कित्येक वर्षे करत आले, आणि जानेवारी 2025 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डियर या कंपनीविरुद्ध याच विषयावर दावा दाखल केला. पीक कापणीला आलेले असताना अधिकृत तंत्रज्ञाची वाट पाहत थांबावे लागणे म्हणजे काय, हे ज्याचे पोट त्या पिकावर आहे त्यालाच कळेल. ‘तज्ज्ञाकडूनच दुरुस्ती करून घ्या’ हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. पण कोण तज्ज्ञ आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचाच दुरुस्तीच्या पैशांत वाटा असतो. गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त त्रास झाला असेल तो कौशल्य हातात असूनही ‘हे होणार नाही’ असे समोरच्याला सांगावे लागण्याचा.

मसुदा

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. येथे दोन वेगवेगळी तत्त्वे एकमेकांसमोर उभी आहेत. वस्तू एकदा विकली की पेटंटधारकाचा तिच्यावरचा पेटंटचा अधिकार संपतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क कंपनीच्या छपाई यंत्रांच्या काडतुसांविषयीच्या खटल्यात ठामपणे मांडले. वापरलेले काडतूस पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या आधारे रोखता येणार नाही, असा त्याचा अर्थ. परंतु त्याच देशात 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे बेकायदा ठरवले आहे. संगीत आणि चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी आणलेली ती तरतूद पुढे ट्रॅक्टर आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांच्या आड आली. दर तीन वर्षांनी अर्ज करून त्यातून सवलती मिळवाव्या लागतात. वाहनांसाठी, ट्रॅक्टरसह, अशी सवलत 2015 मध्ये मिळाली. धातू आणि प्लॅस्टिक आपले, पण त्यांना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा केवळ परवाना आपला, असे हे विभाजन आहे.

युरोपीय संघाने याबाबतीत अधिक ठोस पावले उचलली आहेत. 20 जून 2025 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान 5 वर्षे अपडेट आणि 7 वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले आहे. दुरुस्तीला नकार देणे अशक्य होईल, असे मात्र कोणी समजू नये. भागांची किंमत किती ठेवली जाते यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

कायदा होताना काय घडते, हेही पाहायला हवे. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे विधेयक मोठ्या बहुमताने संमत केले. उद्योगांच्या संघटनांनी आक्षेप घेतले आणि डिसेंबरअखेरीस राज्यपालांची सही होईपर्यंत त्यात असे बदल मान्य झाले की 1 जुलै 2023 पूर्वी विकलेली सर्व उपकरणे त्यातून वगळली गेली, आणि सुटा भाग देण्याऐवजी अनेक भागांची संपूर्ण जुळणी देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. एक छोटा भाग हवा असलेल्याला महागडी जुळणी घ्यावी लागली, तर दुरुस्तीचा हक्क कागदावर राहतो. कंपन्यांचा प्रभाव प्रत्यक्षात कसा दिसतो, असे कोणी विचारले तर मी या प्रकरणाकडे बोट दाखवतो. यात कोठेही लाचलुचपत नाही, गुप्त कट नाही; बैठकांना सतत हजर राहण्याची ताकद एका बाजूकडे आहे आणि दुसऱ्या बाजूचे लोक तेव्हा आपापल्या कामावर असतात.

काठावरून

मसुदा यांचे विवेचन मोलाचे आहे, तरी एक उणीव राहते. दुरुस्तीचे कायदे हातात धरता येणाऱ्या भागांपुरते उपयोगी पडतात. वस्तूचा मेंदूच कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर काय? घरातील दिवे आणि कुलपे नियंत्रित करणारे रिव्हॉल्व्ह नावाचे सुमारे 300 डॉलरचे उपकरण, ते बनवणारी कंपनी नेस्ट या दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यानंतर, मे 2016 मध्ये सर्व्हर बंद करून पूर्णपणे निकामी करण्यात आले. त्यातला एकही भाग बिघडलेला नव्हता. जुलै 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तके वाचता येईनाशी झाली. पैसे परत मिळाले हे खरे, पण पैसे परत करून एखाद्याच्या कपाटातील पुस्तके त्याला न विचारता उचलून नेण्याची परवानगी आपण दुसऱ्या कोणत्या विक्रेत्याला देऊ?

माझी मागणी साधी आहे. कंपनीला सेवा बंद करायची असेल तर जरूर करावी, परंतु वस्तू स्थानिक पातळीवर चालू ठेवण्यासाठी लागणारी माहिती आणि किल्ल्या तिने त्याआधी मालकांच्या हवाली कराव्यात.

अर्धविराम

या मागणीला माझा पाठिंबा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ती अवघड नाही. सुरुवातीपासून तशी रचना केली तर खर्चही फार येत नाही. अवघड होते ते नंतर, जेव्हा प्रत्येक छोटे काम सर्व्हरला विचारूनच होईल अशी रचना आधी केलेली असते.

नितळ यांच्या टीव्हीबाबत तूर्त एवढे करता येईल. संचाचे इंटरनेट तोडून तो केवळ पडदा म्हणून वापरावा आणि कार्यक्रमांसाठी वेगळे उपकरण जोडावे. ते उपकरणही कोणाचे तरी असेल आणि त्यालाही आपल्या अटी असतील, पण ते बदलणे संपूर्ण टीव्ही बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. साठवलेल्या जाहिराती काही संचांत तशाही दिसत राहतात. इंटरनेट तोडण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये पाहण्याच्या सवयींची नोंद घेणारा पर्याय शोधून तो बंद करावा. पुढच्या खरेदीच्या वेळी सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे विक्रेत्याकडून लेखी मागावे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांबाबत ही मुदत जाहीर करणे निर्मात्यांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे जी कंपनी तेथे तो कालावधी सांगते, तिला इतरत्र तो ठाऊक नसण्याचे कारण नाही.